लोकपसंतीचा पुरस्कार नेमका कोणाच्या पसंतीचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मंडईचा सिझन तोंडावर आला आहे, म्हणून आताच लिहून टाकतो. चहा घेऊन बसा.

परवा बसस्टँडजवळच्या टपरीवर तीन पोरं भेटली. चांगली पोरं आहेत, नाटकवेडी. दिवाळीनंतर मंडईनिमित्त आपल्या तालुक्यात जी नाटकं होतील, त्यातल्या सर्वोत्कृष्ट नाटकाला, नटाला आणि नटीला ‘लोकपसंती पुरस्कार’ द्यायचा त्यांचा बेत आहे. परीक्षक वगैरे भानगड नाही. मोबाइलवर लिंक, लिंकवर मत, ज्याला जास्त मतं त्याला ढाल.

“भाऊ, तुमी फक्त बातमी लावून द्या.”

मी विचारलं, “आणि एकाच माणसानं दहा मतं टाकली तर?”

त्यातला एक हसून म्हणाला, “टाकू द्या ना जी. तेवढाच प्रचार होते.”

मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. कारण मी स्वतः एकदा हेच केलं आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात गणपतीच्या देखाव्यांची एक स्पर्धा झाली होती. ज्या फोटोला जास्त लाइक, तो देखावा पहिला. निकाल लागला, मी चौकटीत बातमी लावली, फोटोही मोठा घेतला. दुसऱ्या दिवशी एका लहान मोहल्ल्यातल्या मंडळाचे एक काका भेटायला आले. भांडायला नाही, नुसतं विचारायला. “आमचा देखावा तुमी पाहिला होता का जी?” मी पाहिला नव्हता. मग जिंकलेल्या फोटोखालची नावं नीट वाचली. निम्मी माणसं पुणे, सुरत, हैदराबादला कामाला असलेली आपलीच पोरं. त्यांनी जिंकलेला देखावाही पाहिला नव्हता आणि हरलेलेही नाही. गावातल्या मित्राचा मेसेज आला, त्यांनी अंगठा दाबला. त्यात त्यांचं काय चुकलं? चुकलं ते नियम करणाऱ्यांचं, आणि न विचारता बातमी लावणाऱ्या माझं.

तेव्हापासून डोक्यात आहे की लोकांची पसंती मोजायची तरी कशी? वाचत गेलो तेव्हा कळलं की हा प्रश्न सत्तर वर्षं जुना आहे आणि आपल्याहून मोठी माणसं त्यात तोंडावर पडली आहेत.

पोस्टकार्डाचा जमाना

सुरुवात रेडिओपासून करू. ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी तेव्हा विशीतले. सुरुवातीला सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी पत्रं पाठवायची. बक्षीस १०० रुपयांचं. सयानी सांगायचे की पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५,००० पत्रं येऊ लागली. एवढ्या पत्रांचं करायचं काय, हाच प्रश्न होऊन बसला.

पुढे गीतमालेत गाण्यांची ‘पायदानं’ आली. वर कोण, खाली कोण हे ठरवायला रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री धरली जायची. पण नुसती विक्री धरली तर एक घोळ होता. गाणं लोकांच्या तोंडी आहे, पण दुकानातला माल संपला असेल तर आकडा पडतो. म्हणून जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही घेतली जाऊ लागली. म्हणजे एक आकडा पैशाचा, एक आकडा कानाचा. आणि एकच गाणं वर्षानुवर्षं वर बसून राहू नये म्हणून ठरावीक आठवडे पूर्ण झाले की ते ‘सरताज गीत’ म्हणून सन्मानानं बाजूला व्हायचं. संगणक नव्हता, ॲप नव्हतं, पण विचार होता.

तरी लोकांनी वाट काढलीच. फर्माइशी पाठवणाऱ्या गावांची नावं आठवतात ना? झुमरी तलैयाचं नाव तर म्हणीसारखं झालं. पण आपल्या लाइनीवरची गावंही कमी नव्हती. तुमसर रोडवरून हावड्याकडे निघालं की गोंदिया, पुढे राजनांदगाव, त्याच्याही पुढे भाटापारा. राजनांदगाव आणि भाटापारा ही नावं जुन्या रेडिओवाल्यांना आजही पाठ आहेत. तिथं फर्माइशीची पत्रं लिहिणं हा छंद होता, त्यात चढाओढ होती. एका पत्राखाली घरातल्या साऱ्यांची नावं, मित्रांची नावं, मग त्यांच्या मित्रांची. रेडिओवर आपलं नाव यावं, एवढंच त्यामागे होतं. त्यात पाप काही नाही. पण त्या पत्रांवरून देशाची आवड काढायला गेलं, तर भारतात सगळ्यात जास्त गाणं झुमरी तलैयाला आवडतं असाच निकाल लागला असता.

पहिला धडा इथंच मिळतो. मतांच्या ढिगाऱ्यातून आवड कळतेच असं नाही. कधी कधी फक्त हौस कळते.

कुपनं आणि आम्ही पत्रकार

त्याच सुमारास सिनेमाचे पुरस्कार सुरू झाले. फिल्मफेअरचा पहिला सोहळा मार्च १९५४ मध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरात झाला. पुरस्कार फक्त पाच, आणि कौल घेतला होता २०,००० हून जास्त वाचकांचा. ‘दो बिघा जमीन’ला चित्रपटाचा आणि बिमल रॉय यांना दिग्दर्शनाचा, दिलीपकुमार यांना ‘दाग’साठी, मीनाकुमारी आणि नौशाद यांना ‘बैजू बावरा’साठी. आज पाहिलं तरी या यादीवर बोट ठेवायला जागा नाही. तरीसुद्धा दोनच वर्षांत, १९५६ पासून, वाचकांच्या मतांसोबत जाणकारांची समिती जोडण्यात आली.

जाणकार आले म्हणजे सगळं स्वच्छ झालं, असंही समजू नका. ऋषी कपूर यांनी २०१७ साली आलेल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे की ‘बॉबी’च्या वेळी एका पुरस्कारासाठी त्यांनी मध्यस्थाला ३०,००० रुपये दिले होते. लाखो मतं विकत घ्यायला खर्च येतो, चार माणसं स्वस्तात पडतात.

आता अमेरिकेतली गोष्ट सांगतो, ती आम्हा पत्रकारांना जास्त लागू आहे. तिथं बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी खेळाडू निवडण्याचा अधिकार चाहत्यांना होता. १९५७ साली सिनसिनाटी शहरातल्या एका वर्तमानपत्रानं काय केलं, तर मतपत्रिका छापल्या त्याच आपल्या संघाची नावं आधी भरून! वाचकानं फक्त फाडायची आणि पाठवायची. निकाल लागला तेव्हा सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात जागांवर सिनसिनाटीचेच खेळाडू. आलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त त्या एकाच शहरातली निघाली. शेवटी बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन खेळाडू काढून त्यांच्या जागी विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं. आणि चाहत्यांचा मताधिकारच बंद करून टाकला. तो परत मिळाला १९७० मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

एका शहराच्या हौसेपायी साऱ्या देशातल्या चाहत्यांचं मत गेलं. पोरांनो, ‘तेवढाच प्रचार होते’ याचा शेवट असा होतो.

एसएमएसचा धुमाकूळ

आपल्या डोळ्यांसमोरचा काळ आठवा. मार्च २००५, पहिलं इंडियन आयडॉल. शेवटी दोघे उरले, मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना. आपण बसलोय या दोघांच्या मधे. मराठी म्हणून अभिजीतला द्यायचं की चार तासांच्या गाडीवरचा म्हणून अमितला, यावर तेव्हा घराघरांत वाद झाले. गाणं कोण चांगलं गातो, हा मुद्दा त्या वादात शेवटी यायचा.

२००७ मध्ये तर कहर झाला. तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर. प्रशांत कोलकाता पोलिसात होता. दार्जिलिंगच्या डोंगरात त्याच्यासाठी वर्गणी जमली, पोरं रात्रंदिवस एसएमएस करत बसली. तिकडं मेघालयात अमितसाठी सरकारपासून सारे कामाला लागले. प्रशांत जिंकला. त्यानंतर एका रेडिओ निवेदकानं त्याच्याबद्दल हिणकस शेरा मारला आणि सिलीगुडीत दंगल उसळली, लष्कराला बोलवावं लागलं. आणि प्रशांतच्या मागे उभे राहून मोठे झालेले बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. डोंगरातलं जुनं नेतृत्व बघता बघता मागं पडलं.

गाण्याच्या स्पर्धेचा निकाल राजकारण फिरवून गेला. का? कारण त्या लोकांना गाण्यापेक्षा मोठं काही सांगायचं होतं. आम्ही पण या देशाचे आहोत, आमची मोजणी करा, असं. मला त्यांचा राग येत नाही. पण ती मोजणी गाण्याची नव्हती, हे कबूल करायला हवं.

आणि त्यात कमाई कोणाची? मताचा एसएमएस नेहमीच्या एसएमएसपेक्षा महाग होता. त्यातला वाटा वाहिनीचा, वाटा मोबाइल कंपनीचा. एका माणसानं शंभर मतं टाकली तर त्यांना आनंदच. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘नवी सात आश्चर्यं’ जाहीर झाली. ताजमहालला मत द्या म्हणून आपल्याकडे केवढी मोहीम चालली होती! फोनवरून पैसे भरून पुन्हा पुन्हा मत देता येत होतं. युनेस्कोनं तेव्हा स्पष्ट सांगितलं की या प्रकाराशी आमचा संबंध नाही, यात फक्त इंटरनेट हाताशी असलेल्यांचं मत आहे, साऱ्या जगाचं नाही. ताजमहाल यादीत आला. पण तो न येता, तर काय कमी सुंदर झाला असता?

मतदार थोडे, म्हणून निकाल शहाणा?

कोणी म्हणेल, मतदार निवडक ठेवा, म्हणजे गोंधळ नको. तेही आपण मराठी माणसांनी करून पाहिलं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कितीतरी वर्षं मतदानानं निवडला जायचा. मतदार किती? महामंडळाच्या घटक संस्थांमधून आलेले हजार-अकराशे. वाचक त्यात कुठंच नव्हता. उमेदवारांनी गावोगाव फिरायचं, मतदारांना गाठायचं, आणि गठ्ठा मतांचे आरोप जवळजवळ दर निवडणुकीला ठरलेले. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी इंदिरा संत उभ्या होत्या आणि त्या हरल्या, रमेश मंत्री निवडून आले. मंत्री चांगले विनोदी लेखक होते, त्यांचा अवमान करायचा नाही. पण संमेलनाच्या निवडणुकीचा विषय निघाला की आजही लोक इंदिराबाईंचंच नाव काढतात, हे खरं.

शेवटी २०१८ मध्ये महामंडळानं घटना बदलली, मतदान बंद केलं आणि एकमतानं निवड सुरू केली. आपल्या विदर्भातच, यवतमाळला, जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे या नव्या पद्धतीनं आल्या. निवड उत्तमच होती. पण मतपेटी नीट करता आली नाही म्हणून मतपेटीच उचलून ठेवली, हेही तितकंच खरं. बेसबॉलवाल्यांनी १९५७ ला हेच केलं होतं.

मग दुरुस्त कोणी केलं?

विज्ञानकथांच्या चाहत्यांनी. ह्यूगो नावाचे पुरस्कार १९५३ पासून दिले जातात. वर्गणी भरून सदस्य व्हायचं आणि माणशी एकच मतपत्रिका. २०१५ मध्ये एका गटानं आपसात ठरवून एकसारखी नावं भरली आणि कित्येक विभागांत अंतिम यादीच काबीज केली. म्हणजे इतर हजारो वाचकांनी पंचवीस वेगवेगळी चांगली नावं सुचवली, त्यांची मतं विखुरली. या काहीशे लोकांनी पाचच नावं सुचवली, ती पाचही आत गेली.

त्यावर तिथल्या सदस्यांनी दोन हत्यारं वापरली. पहिलं जुनंच होतं. मतपत्रिकेवर ‘पुरस्कार कोणालाच नको’ असा पर्याय होता, आपल्या नोटासारखा. त्या वर्षी पाच विभागांत तोच पर्याय जिंकला आणि पुरस्कार दिलेच नाहीत. दुसरं हत्यार २०१७ पासून लागू झालं. नावं सुचवताना प्रत्येक सदस्याकडे एकच गुण, तो त्याच्या नावांत वाटला जातो. यादीतून एकेक नाव गळत जातं तसा तो गुण उरलेल्या नावांकडे सरकतो. ठरवून पाच नावं भरणाऱ्या गटाचा गुण पाच तुकड्यांत विभागला जातो. मनापासून वेगवेगळी नावं देणाऱ्यांचा गुण शेवटी कुठंतरी एकवटतो. कोणाचं मत काढून घेतलं नाही, कोणाला हाकललं नाही. फक्त गणित बदललं.

आणि पसंतीक्रमाचं गणित आपल्याला परकं नाही. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर आठवेल. जांभळ्या शाईचा पेन मिळतो आणि नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. ते कशासाठी? समजा १०० प्रेक्षक आहेत. एक मारधाडीचं नाटक ४० जणांना सगळ्यात जास्त आवडलं. दोन कौटुंबिक नाटकं ३५ आणि २५ जणांना. एकच मत मोजलं तर मारधाड पहिली, जरी ६० जणांनी तिला शेवटचा नंबर दिला असता तरी. पसंतीक्रम मोजला की २५ जणांची दुसरी पसंती कामाला येते आणि निकाल बदलतो.

तर आपल्या नाटकांचं काय?

आता पोरांनो, तुमच्या लिंककडे येतो. हा खेळ नाही, हे आधी समजून घ्या. झाडीपट्टीतल्या मंडळ्या वडसा-देसाईगंजहून निघतात, दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं करतात आणि त्या कमाईवर कित्येक घरं चालतात. पोस्टरवर ‘लोकपसंती प्रथम’ छापलं की पुढच्या वर्षीच्या तारखा त्यावर ठरतील. ज्यांच्याकडे मोबाइलवाली पोरं जास्त, त्यांच्या तारखा वाढतील. आणि एखाद्या आडगावच्या प्रयोगात जीव ओतणारी नटी घरी बसेल. मग तीही कोणाला तरी विचारेल, “माझं काम तुमी पाहिलं होतं का जी?”

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. मत त्यालाच, ज्यानं पाहिलं. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

लिंक बंद. तिकिटाचा अर्धा तुकडा हीच मतपत्रिका. नाटक संपल्यावर पहाटे घरी जाताना त्यावर पेटीत मत टाकायचं नाही, तो तुकडा जपून ठेवायचा. सिझन संपला की ज्याच्याकडे निदान तीन वेगवेगळ्या नाटकांचे तुकडे आहेत, त्यानं ते एका कागदाला टाचून १, २, ३ असा क्रम लिहून द्यायचा. एकच नाटक पाहिलेला माणूस ‘हे सर्वोत्कृष्ट’ कसा म्हणणार? कशाच्या तुलनेत?

मोजताना मोठ्या गावाला लहान गावावर चढू द्यायचं नाही. समजा एका नाटकाला दोन हजार प्रेक्षक होते आणि दुसऱ्याला तीनशे. एकूण मतं मोजली तर तीनशेवालं मेलंच. म्हणून दोन-दोन नाटकांची कुस्ती लावायची. ज्यांनी ही दोन्ही पाहिली, त्यांच्यापैकी जास्त जणांनी कुठलं वर ठेवलं? एवढंच बघायचं. जे नाटक सगळ्यांना हरवेल ते पहिलं. ही युक्ती माझी नाही, कॉन्दोर्से नावाच्या फ्रेंच माणसानं १७८५ साली मांडलेली आहे. त्यात एक अडचण येऊ शकते, हेही त्यानंच सांगून ठेवलंय. पहिलं दुसऱ्याला हरवतं, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं परत पहिल्याला. तसं झालं तर पुरस्कार तिघांत वाटायचा, असं आधीच लिहून ठेवा. निकालानंतर केलेला नियम हा नियम नसतो.

अजून तीन गोष्टी. आयोजकांच्या घरचं कोणी नाटकात असेल तर ते नाटक स्पर्धेबाहेर. ‘यंदा कोणालाच नको’ हा पर्याय ठेवा. आणि मोजणी चौकात, उघड्यावर, साऱ्या मंडळ्यांसमोर करा. आकडे फळ्यावर लिहा, मी फोटोसकट छापतो.

यातही कोणी तिकिटाचे तुकडे गोळा करत फिरेल का? फिरेल. निर्दोष पद्धत सापडणं अवघड आहे, हे केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञानं १९५१ सालीच गणितानं दाखवून दिलं. तीन किंवा जास्त उमेदवार असले की पसंतीक्रमाची कुठलीच पद्धत सगळ्या रास्त अटी एकदम पाळू शकत नाही. त्यांना पुढे नोबेल मिळालं. पण निर्दोष नाही म्हणून वाटेल ती चालवून घ्यायची, असं त्याचा अर्थ कोणी काढू नये. धान काट्यावर मोजताना मुठभर इकडंतिकडं होतं, म्हणून आपण काटाच फेकून देतो का?

पोरांनी हे मानलं तर बातमी पहिल्या पानावर लावायला संपादकांशी मी भांडेन. नाही मानलं तर बातमी लागणार नाही. एकदा लावली होती, तेवढी पुरे.

त्या काकांचं मंडळ यंदाही देखावा करतंय. सगळ्यात आधी तिथं जाऊन आलो. बाकीचे अजून पाहायचे आहेत, त्यामुळे कोणाचा चांगला ते आत्ता सांगणार नाही.

तुम्ही कोणकोणती नाटकं पाहणार आहात? जाल तिथलं तिकीट जपून ठेवा.